जुन्या मॅन्युअल फोकस लेन्स आणि नवा मिररलेस कॅमेरा: ॲडॅप्टर घ्यावा की नवी लेन्स?

मीनल_स

नमस्कार मंडळी. माझ्या मामांनी त्यांचे फोटोग्राफीचे जुने सामान नुकतेच माझ्या स्वाधीन केले. त्यात आसाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेरा, सुपर-ताकुमार ५५ मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/३.५ अशा दोन लेन्स आणि रशियन बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ लेन्स आहे. स्पॉटमॅटिकचे शटर अडकलेले आहे आणि फिल्मवर काम करण्याची माझी तयारी नाही. माझ्याकडे सोनी ए६४०० आहे आणि त्यावर सध्या फक्त किटसोबत आलेली झूम लेन्स आहे.

मला प्रामुख्याने लेण्यांमधील आणि मंदिरांमधील शिल्पांचे फोटो काढायचे असतात. त्याखेरीज घरचा आग्रह म्हणून भाच्याचे कबड्डीचे सामनेही टिपावे लागतात. या तीन लेन्ससाठी ॲडॅप्टर घेणे शहाणपणाचे ठरेल, की ते पैसे बाजूला ठेवून सोनीचीच ५० मिमी एफ/१.८ घ्यावी? केवळ मामांच्या आहेत म्हणून वापरायच्या, असा माझा हेतू नाही. उपयोग होणार असेल तरच वापरीन.

तंत्रशिष्य

आपल्या तिन्ही लेन्स एम४२ या आट्यांच्या माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडण्याच्या बैठकीच्या) आहेत, त्यामुळे एकच ॲडॅप्टर पुरेल.

लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटसाठी ठरलेले असते. एम४२ साठी ते ४५.४६ मिमी आहे, कारण मध्ये वर-खाली होणाऱ्या आरशासाठी जागा ठेवावी लागे. आपल्या ए६४०० च्या सोनी ई माउंटमध्ये आरसा नसल्यामुळे हेच अंतर १८ मिमी आहे. उरलेले २७.४६ मिमी भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे ॲडॅप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राच्या दर्जाला बाधा येण्याचे कारणही नसते. निकॉन झेड (१६ मिमी), फुजी एक्स (१७.७ मिमी) आणि कॅनन आरएफ (२० मिमी) यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

निकॉनच्या आरसेवाल्या डीएसएलआरवर मात्र हे जमत नसे. तिथे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स एक मिलिमीटर जास्त पुढे बसते आणि दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येत नाही. तो आणायचा तर ॲडॅप्टरमध्ये काच घालावी लागते आणि ती काच बहुधा सुमार असते. कॅननच्या एफडी लेन्सची तर याहून वाईट अवस्था झाली. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका आणली आणि नव्या माउंटचे अंतर ४४ मिमी ठेवले. एफडीचे होते ४२ मिमी. त्या सगळ्या लेन्स एका फटक्यात पोरक्या झाल्या आणि मिररलेस येईपर्यंत अनेकांच्या कपाटात पडून राहिल्या.

कोपऱ्यावरचा_वाचक

फोटोंशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल. किमान पेटीचा तरी एक फोटो टाका.

सह्यभटका

माझे मत स्पष्टपणे नव्या लेन्सच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणे भावनिक नाहीत.

कबड्डीचा विचार आधी करू. चढाई करणारा खेळाडू क्षणात दिशा बदलतो; त्याच्या मागे फोकसचे कडे फिरवत राहणे म्हणजे दहातील नऊ फोटो टाकून देण्याची तयारी ठेवणे. ए६४०० चे सर्वांत मोठे बळ त्याचा ऑटोफोकस आहे, आणि जुनी लेन्स लावताच ते बळ आपण आपल्या हाताने बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट लेण्यांची. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान आहे, म्हणून दृश्यकोनाच्या हिशेबाने ५५ मिमी साधारण ८२ मिमी आणि १३५ मिमी साधारण २०० मिमी ठरते. गर्भगृहाच्या अरुंद जागेत ८२ मिमी घेऊन मागे सरकायला भिंतच आड येते. शिवाय ए६४०० च्या बॉडीत सेन्सर स्थिर ठेवण्याची सोय नाही. सोनीच्या एपीएस-सी ५० मिमी एफ/१.८ मध्ये ओएसएस, म्हणजे लेन्समध्येच कंपन रोखण्याची यंत्रणा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील लेण्यांत ट्रायपॉडसाठी परवानगी काढावी लागते आणि अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश चालत नाही. अशा अंधारात हातात धरून काढायचे तर ओएसएस हा चैनीचा विषय राहत नाही.

जुनापेटारा

सह्यभटका यांचा कबड्डीचा मुद्दा निर्विवाद आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. पण लेण्यांच्या बाबतीत ते जरा घाईने निकाल देत आहेत असे वाटते. वेरूळचा रावण कैलास हलवत असला तरी तो स्वतः जागचा हलत नाही. शिल्प हा मॅन्युअल फोकससाठी आदर्श विषय आहे, कारण तिथे वेळ आपल्या हातात असतो आणि फोकस नाकावर हवा की डोळ्याच्या पापणीवर हवा, हा निर्णय कॅमेऱ्याने घ्यावा अशी आपली अपेक्षा नसते.

मी चाळीस वर्षांपूर्वी पेंटॅक्सच्याच के१००० वर शिकलो, तेव्हा फोकस आरशातून काचेवर येणारे चित्र पाहून लावावा लागे आणि एफ/१.८ वर तो पुष्कळदा अंदाजानेच ठरे. आज मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा हवा तो भाग मोठा करून दगडातील छिन्नीची रेघ पाहता येते. माझ्या दृष्टीने ही लेन्स तिच्या ऐन उमेदीच्या काळातही इतक्या अचूकपणे वापरता येत नव्हती. ताकुमारचे फोकसचे कडे फिरवून पाहा. पन्नास-साठ वर्षांनंतरही ते लोण्यासारखे फिरते, आणि आजच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सचे कडे नुसता मोटारीला निरोप देते.

मीनलताई, करण्याजोग्या गोष्टी सांगतो. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर चालू द्यावे’ असा पर्याय आहे. तो आधी सुरू करा, नाहीतर कॅमेरा लेन्स नाही असे समजून बटण दाबूच देणार नाही. मोड ‘ए’ ठेवला तर शटरचा वेग कॅमेरा ठरवील, ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) तुम्ही लेन्सच्या कड्यावर ठरवाल. ताकुमारवर ऑटो आणि मॅन्युअल असा छोटा स्विच आहे. ॲडॅप्टर आत ओठ नसलेला असेल, म्हणजे लेन्सच्या मागची पिन दाबत नसेल, तर ऑटोवर पाकळ्या पूर्ण उघड्या राहतात. त्या स्थितीत फोकस करा आणि मॅन्युअलवर सरकवून फोटो काढा. हेलिओस ४४-२ ची पद्धत निराळी आहे. तिच्यावर ॲपर्चरची दोन कडी आहेत: एकाने मर्यादा ठरवायची आणि दुसऱ्याने उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत आवाज न करता फिरवायचे.

नवशिका_नाशिककर

हेलिओसने मागची झाडे गोल गोल फिरल्यासारखी दिसतात, तो भोवरा ए६४०० वर मिळेल का? मला ती लेन्स केवळ त्याच कारणासाठी घ्यायची आहे.

प्रकाशरेषा

मिळेल, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. हेलिओस ४४ ही युद्धोत्तर काळात मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ च्या रचनेवरून बनवलेली लेन्स. भोवरा दिसतो त्याची कारणे दोन आहेत. चित्राच्या कडेकडे तिरपा जाणारा प्रकाश लेन्सच्या नळीच्या कडांनी अंशतः कापला जातो, म्हणून मधले गोल प्रकाशबिंदू कडेला मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि हे लांबट ठिपके मध्याभोवती वर्तुळात रचल्यासारखे दिसतात. त्यात या रचनेत पूर्ण दुरुस्त न केलेले कडेचे दोष भर घालतात. हे सारे कडेला घडते आणि एपीएस-सी सेन्सर नेमकी कडच कापून टाकतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, एफ/२ वर, माणूस दीड-दोन मीटरवर आणि त्याच्या बऱ्याच मागे उन्हाने कवडसे पडलेली दाट पाने, अशी मांडणी असेल तेव्हा परिणाम पुरता दिसतो. एफ/४ वर तो जवळजवळ नाहीसा होतो. लेण्यातील काळ्या दगडापुढे भोवऱ्याला पकडायला काहीच नसते.

खारेवारे

मी मालवणचा, म्हणून माझा प्रश्न आधी बुरशीचा. ॲडॅप्टरला एक पैसा देण्यापूर्वी तिन्ही लेन्स पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ठेवा, मागून मोबाइलची बॅटरी लावा आणि समोरून तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. दुधट पडदा दिसला तर तेलाची वाफ साचलेली. कडेने इंद्रधनुषी चकाकी दिसली तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागलेल्या. थोडी धूळ दिसली तर दुर्लक्ष करा, तिचा फोटोवर काही परिणाम होत नाही. ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल चढले आहे का, तेही पाहा. हाताने ॲपर्चर वापरताना पाकळ्या थोड्या संथ चालल्या तरी फारसे बिघडत नाही, पण तेच तेल पुढे काचेवर चढते.

बुरशी लवकर साफ केली तर काच वाचते. उशीर झाला तर ती काचेवरील आवरणात आणि काचेत खोदत जाते आणि मग साफ केल्यावरही तिच्या खुणा राहतात. मूळ चामड्याच्या डब्यात लेन्स ठेवू नका. चामडे आणि आतले अस्तर पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतात. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक पुरतो. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याहून फार कोरडेही नको, ग्रीस सुकते.

सह्यभटका

आणि बुरशी लागलेली लेन्स इतरांपासून दूर ठेवावी, नाहीतर ती कपाटभर पसरते, हे सांगायचे राहिले.

खारेवारे

वेगळी ठेवावी, हे ठीक. पण त्याची इतकी भीती बाळगू नये. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच, नव्या कोऱ्या लेन्सवरही असतात. त्यांना रुजायला ओल, अंधार आणि कोंदट हवा लागते. कोकणात एकटी ठेवलेली लेन्सही बुरशी धरते आणि कोरड्या कपाटात शेजारी ठेवलेल्या दोन लेन्स वर्षानुवर्षे सुखाने राहतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरात ठेवणे.

मीनल_स

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. १३५ स्वच्छ आहे. हेलिओसमध्ये पुढच्या काचेच्या आत कडेला तंतू आहेत. ५५ मिमी ताकुमार स्वच्छ आहे, पण पांढऱ्या कागदावर धरली की काच चहाच्या रंगाची दिसते. ही खराबी आहे का? (पेटीचा फोटो सवडीने देते, धागा फाऊल धरू नये.)

अणुरेणू

ती खराबी नव्हे, थोरियम आहे. त्या काळात काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळत असत, कारण त्यामुळे प्रकाश जास्त वाकवणारी आणि तरीही रंग फारसे न फोडणारी काच मिळे. सात काचांची ताकुमार ५० मिमी एफ/१.४ यासाठी प्रसिद्ध आहे. ५५ मिमी एफ/१.८ च्या काही आवृत्त्यांतही अशी काच आहे. थोरियमच्या किरणोत्सर्गाने दशकानुदशके काचेच्या अंतर्रचनेत सूक्ष्म दोष तयार होतात, ते निळा प्रकाश शोषतात आणि काच पिवळी दिसते.

अतिनील प्रकाशाने हे दोष बऱ्याच अंशी भरून येतात. लेन्सची झाकणे काढून ती खिडकीतील उन्हात काही दिवस ते काही आठवडे ठेवली, किंवा अतिनील एलईडीखाली ठेवली, तर पिवळेपणा उतरतो. फक्त लेन्स तापू देऊ नका आणि तिच्यातून गेलेले ऊन एका ठिकाणी एकवटून पडदा किंवा कागद जाळणार नाही, याची काळजी घ्या; खाली ॲल्युमिनियमचा कागद ठेवणे सोयीचे.

कोपऱ्यावरचा_वाचक

रात्री कपाटातून हिरवा उजेड येत असेल तर दिवाळीच्या कंदिलाचा खर्च वाचेल.

अणुरेणू

दुर्दैवाने येत नाही. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे आहे, म्हणजे ते अत्यंत संथ गतीने विघटित होते. त्याचे अल्फा कण काचेत आणि थोड्याशा हवेत अडतात. लेन्सबाहेर येणारे बीटा आणि गॅमा किरण मोजण्याइतके असले तरी नेहमीच्या वापरात चिंतेचे कारण नाही. लेन्स उशाशी घेऊन झोपू नये आणि काच घासू किंवा फोडू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. पिवळी असतानाही डिजिटल कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स लावून रंग सुधारतो. नुकसान होते ते प्रकाशाचे, आणि लेण्यात तेच परवडत नाही.

तंत्रशिष्य

ॲडॅप्टर निवडताना काय पाहावे, ते राहिले. नळी साधीच असली तरी दोन ॲडॅप्टरांत फरक असतो. माझ्याकडील एक अतिस्वस्त ॲडॅप्टर कॅमेऱ्यावर इतका सैल बसत असे की फोकस करताना लेन्सबरोबर तोही किंचित फिरे. आतला भाग चकचकीत असेल तर प्रकाश तिथून परावर्तित होऊन चित्रावर धुरकट पडदा येतो. आतून काळा, निस्तेज आणि शक्यतो खाचा पाडलेला ॲडॅप्टर घ्यावा. बरेच उत्पादक नळी हेतुतः किंचित आखूड बनवतात, म्हणजे अनंत अंतरावरचा फोकस नक्की साधतो. मग लेन्सवरील अंतराच्या खुणा तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून दूरचा डोंगर टिपतानाही कडे शेवटपर्यंत फिरवून मोकळे होऊ नये, पाहूनच फोकस करावा.

आणखी एक सोय लक्षात घ्या. तुमच्या तिन्ही लेन्सना ४९ मिमीचाच फिल्टर लागतो, त्यामुळे आट्यांचे एकच हूड (बाजूचा उजेड अडवणारे लेन्सपुढचे कडे) आलटून पालटून वापरता येईल. जुन्या आवरणांना बाजूने येणारे ऊन सोसत नाही. पेंटॅक्सने बहुस्तरीय आवरण १९७१ च्या सुमारास आणले, तुमच्या सुपर-ताकुमार त्याआधीच्या पिढीतील आहेत. लेण्याच्या दारातून आत पाहताना किंवा आतून दाराकडे पाहताना हूड नसेल तर काळा दगड राखाडी दिसेल.

नवशिका_नाशिककर

माझ्या मित्राच्या सोनीच्या बॉडीतच कंपनरोधक सोय आहे. अशा कॅमेऱ्यात फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतील आकडा) हाताने भरावी लागते म्हणतात. एपीएस-सीवर ५५ च्या जागी ८२ भरायचे ना?

प्रकाशरेषा

नाही, लेन्सवर लिहिलेला आकडाच भरायचा, म्हणजे ५५. सेन्सर किती सरकवायचा हे प्रत्यक्ष फोकल लेंग्थवरून ठरते आणि सेन्सरचा आकार कॅमेऱ्याला ठाऊकच असतो. ८२ भरले तर तो गरजेपेक्षा जास्त सरकेल आणि उलट धूसरपणा येईल. लेन्स बदलली की हा आकडा बदलायला विसरू नये. १३५ लावून ५५ तसाच राहिला की लोक लेन्सला दोष देतात.

याच ओघात फोकस पीकिंगबद्दलही सांगतो. कडांवर लाल-पिवळे ठिपके उमटवणारी ही सोय कॉन्ट्रास्टवर चालते, आणि जुन्या लेन्सचा कॉन्ट्रास्ट पूर्ण उघड्या ॲपर्चरवर मुळातच कमी असतो. त्यामुळे कुठे ठिपके उमटतच नाहीत, तर कुठे खडबडीत दगडावर फोकसच्या पुढेमागेही उमटतात. अंदाज घेण्यासाठी पीकिंग आणि निर्णयासाठी मोठे केलेले चित्र, हा क्रम ठेवावा. आणि फोटो एफ/२.८ वर काढायचा असेल तर फोकसही एफ/२.८ वरच करावा, कारण काही जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर बदलताना फोकसही थोडा सरकतो.

सह्यभटका

हे सारे वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे, पण मूळ प्रश्नाकडे वळू या. शिल्पाच्या तपशिलासाठी एफ/१.८ तसेही कामाचे नाही; मूर्तीचे नाक फोकसमध्ये आणि कान धूसर, असे होते. एफ/५.६ वर गेलात की शटर संथ होते आणि ओएसएस नसताना ५५ मिमी हातात धरून १/८० च्या खाली जाणे धोक्याचे. म्हणजे आयएसओ, अर्थात सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागणार. हे गणित कोणी सोडवले आहे का?

जुनापेटारा

सोडवण्याची गरज नाही, टाळता येते. वेरूळचे कैलास लेणे वरून मोकळे आहे. बाहेरच्या भिंतींवरील शिल्पपट सावलीत असले तरी तिथे भरपूर उजेड असतो आणि उंचावरील मूर्तींसाठी १३५ मिमी फार उपयोगी पडते. कार्ल्याच्या चैत्यगृहात दुपारनंतर दर्शनी कमानीतून येणारा उजेड खांबांवरच्या हत्तीस्वारांपर्यंत पोहोचतो. खोल, अंधाऱ्या गर्भगृहासाठी मात्र सह्यभटका म्हणतात तेच खरे. तिथे नवी, कंपनरोधक लेन्स हवी, आणि ती ५० मिमी नसून रुंद कोनाची हवी. जुन्या २८ मिमी लेन्स एपीएस-सीवर ४२ मिमीसारख्या वागतात, म्हणून रुंद कोनासाठी जुन्या बाजारात जाऊन उपयोग नाही.

तेव्हा मीनलताई, माझ्या मते साधा एम४२ ॲडॅप्टर आणि ४९ मिमीचे हूड घ्या. १३५ आणि ५५ वापरा. हेलिओसच्या सफाईवर आत्ता खर्च करू नका. ती मिळण्यास दुर्मीळ लेन्स नाही आणि ५५ तिचेच काम अधिक स्वच्छपणे करते. सोनीची ५० मिमी घेण्याऐवजी ते पैसे रुंद कोनाच्या लेन्ससाठी साठवा. कबड्डीला सध्या किटची झूमच वापरा. मैदानावर दिवसाउजेडी तिचा ऑटोफोकस पुरेसा आहे.

मीनल_स

हे पटले. हेलिओस वेगळ्या डब्यात ठेवली आहे, ५५ मिमी खिडकीत उन्हाला बसली आहे. ओठ नसलेला ॲडॅप्टर मागवते, म्हणजे स्विचची सोय वापरता येईल. या जुन्या लेन्सचे नाव आणि ॲपर्चर फोटोच्या माहितीत नोंदले जात नाही असे वाचले. त्यावर काही उपाय?

तंत्रशिष्य

आपोआप नोंदले जात नाही, कारण लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विजेचा संपर्कच नसतो. लेन्स बदलली की आधी तिच्या पुढच्या कड्यावरील नावाचा एक फोटो काढून ठेवावा. घरी आल्यावर त्या खुणेपासून पुढच्या फोटोंना संगणकावर एकगठ्ठा माहिती भरता येते. ॲपर्चर मात्र वहीत लिहावे लागते.

नवशिका_नाशिककर

धागा संपण्यापूर्वी माझे एक काम. निकॉनच्या डीएसएलआरसाठीची ५० मिमी ‘जी’ लेन्स माझ्याकडे आहे, ती साध्या नळीच्या ॲडॅप्टरने चालेल का?

तंत्रशिष्य

बसेल, पण तिच्यावर ॲपर्चरचे कडे नाही आणि मोकळी सोडली की ‘जी’ लेन्सच्या पाकळ्या अगदी बारीक छिद्रावर मिटतात. निकॉन ‘जी’साठी स्वतःचे कडे असलेला ॲडॅप्टर मिळतो, तोच घ्या, त्यावर आकडे नसतात, उजेड पाहून फिरवायचे. कॅननच्या ईएफ लेन्ससाठी तीही सोय नाही, तिथे ॲपर्चर विजेवर चालते आणि इलेक्ट्रॉनिक ॲडॅप्टरच लागतो.